ग्लासवरचं झाकण

२० मे

आत्या,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू आपल्या मनाने भरतेस. मागे मी सर्दी झालीय म्हटलं, तर तू बाबांना न्यूमोनिया कळवलास. म्हणून हे कागदावर. ईमेल नको, कारण इथला ईमेल सगळ्यांचा असतो.

काम असं आहे. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या गाइडविरुद्ध तक्रार करायची आहे. कसली, ते तू समजून घे. तू सव्वीस वर्षं इथल्याच तक्रार समितीची टिपणं घेतलीस, इतिवृत्तं टाइप केलीस, तेव्हा अर्ज कसा लिहायचा हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

तुझ्या समितीचा बोर्ड मी शोधून काढला. तो वॉटर कूलरच्या मागे आहे. सहा नावं आहेत, त्यांतले दोघं रिटायर झालेत आणि एक जण वारलेत. तक्रारपेटीला कुलूप आहे, पण किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. फटीतून डोकावले तर आत दोन चॉकलेटचे कागद आणि 'वाचनालयातला पंखा आवाज करतो' अशी एक चिठ्ठी दिसली. वार्षिक अहवालही बघितला. 'प्राप्त तक्रारी : निरंक.' त्याच्या मागच्या वर्षी निरंक. त्याच्याही मागे निरंक. इतकं सज्जन विद्यापीठ आहे हे मला इथे चार वर्षं राहून कळलं नव्हतं.

तर मैत्रिणीसाठी जरा सविस्तर लिही.

तुझी भिंगरी


२६ मे

चि. भिंगरी,

खूप मोठी हो आणि हळू चाल.

मैत्रिणीसाठी विचारतेस हे वाचून गंमत वाटली. माझ्या खिडकीशी ज्या मुली यायच्या त्यांतल्या निम्म्या मैत्रिणीसाठीच यायच्या. इतकं मैत्रीप्रेम मी दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिलं नाही.

तुझ्या मैत्रिणीला सांग: घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. एक दिवस जरी उशीर झाला, तरी समिती अत्यंत दुःखाने अर्ज परत करते. तारीख, वार, वेळ, खोली, सगळं लिहायचं. 'बहुतेक', 'मला वाटलं', 'कदाचित' हे शब्द घरी ठेवून यायचे, कारण एका 'बहुतेक'वर तीन बैठका चालतात. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. सात प्रती काढायच्या. पोच घ्यायची, आणि शिक्का नीट उमटला नसेल तर परत मारायला लावायचा. आमच्याकडे नेमक्या अशाच कागदांच्या वेळी शाई संपायची.

खोली तुला माहीत नसेल. दुसऱ्या मजल्यावर, टोकाला. लांब टेबल आहे. एका बाजूला पाच खुर्च्या, समोर एक. त्या एका खुर्चीचा एक पाय आखूड आहे. मी दुरुस्तीसाठी चारदा लिहिलं, दर वेळी त्या पाचांतली एखादी दुरुस्त होऊन आली. अध्यक्षांच्या उजव्या हाताला पाण्याचा ग्लास असतो, त्यावर स्टीलचं झाकण. अध्यक्ष येतात-जातात, ग्लास तोच.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं एक ऐकेल का ती? गाइड बदलून मिळतो. दुसऱ्या गावी जागा मिळते. दोन वर्षं वाया जातात, जाऊ देत. त्या खोलीत जाऊन आलेल्या मुलीचं काय वाया जातं ते मोजायला माप नाही.

तुझ्या मैत्रिणीचं अक्षर तुझ्यासारखंच पायमोडकं आहे का गं?

आत्या


१२ जून

आत्या,

अक्षर माझंच आहे. मैत्रीणही मीच आहे. काल अर्ज दिला, मुदतीला तीन दिवस ठेवून. शिक्का दोनदा मारून घेतला.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तू ओरडणार नाहीस, टोमणा मारशील, आणि सध्या मला टोमणा सोसतो, दया सोसत नाही.

चौदा मार्च, शुक्रवार, दुपारी चार. तिसरा मजला, त्यांची खोली. मी चौथं प्रकरण घेऊन गेले होते. सर आधी खिडकी लावतात. म्हणतात, "कागद उडतात." आणि खिडकी लावून झाल्यावर, वारा बंद झाल्यावर, माझ्या कागदांवर काचेचा पेपरवेट ठेवतात. मला पहिल्या दिवसापासून हसू यायचं, की खिडकी लावली तर वजन कशाला? त्या दिवशी त्यांनी वजन ठेवलं आणि म्हणाले, "आता काहीच उडणार नाही." मग हात माझ्या मानेवर ठेवला. मांजराचं पिल्लू उचलताना धरतात ना, तसा. आणि तसाच ठेवून प्रकरण वाचत राहिले. अकरा पानं. मी पानं मोजत होते. त्यानंतर जे झालं ते अर्जात लिहिलंय, इथे परत लिहिण्याइतकी शाई माझ्याकडे नाही.

मी खाली आले आणि कँटीनमध्ये जाऊन दोन सामोसे खाल्ले. भूक नव्हती. काहीतरी रोजचं करायचं होतं.

आत्या, विभागात सगळे म्हणतात, सरांची बावीस वर्षांची स्वच्छ सेवा आहे. एकही डाग नाही. तू तिथे होतीस. खरं सांग, तुझ्या वेळी यांच्याविरुद्ध कुणी आलं होतं का? कुणीतरी एक जरी असेल, तरी मी एकटी नाही एवढं त्या पाच खुर्च्यांना सांगता येईल.

दोन जुलैला बोलावलंय.

भिंगरी


१६ जून

भिंगरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

मला कुणी आठवत नाही. सव्वीस वर्षांत कितीतरी कागद हाताखालून गेले, टाइप करणाऱ्या बाईने मजकूर डोक्यात ठेवायचा नसतो. वय झालं.

दोन तारखेला जाशील तेव्हा पोटभर खाऊन जा. पांढरे कपडे नको, काळेही नको. त्या खुर्चीचा आखूड पाय डावीकडचा आहे, उजवीकडे भार देऊन बस म्हणजे डुगडुगणार नाही. त्यांना तू घाबरलीस असं वाटतं ते बहुतेक खुर्चीमुळेच.

आणखी एक. कारण विचारू नकोस. अध्यक्षबाईंनी ग्लासवर झाकण ठेवलं, की बोलायचं थांब. वाक्य अर्धं असलं तरी थांब. झाकण उचलेपर्यंत गप्प बस. मग पुन्हा पहिल्यापासून सांग.

तुझ्या आईला विचारलंस तर ती सांगेल, वन्संना झाकणांचं वेड आहे. माझ्या स्वयंपाकघरात एकाही भांड्यावर झाकण नसतं, ताट पालथं घालते. लहानपणी तू विचारलं होतंस, आत्या, तुझी झाकणं कुठे गेली? मी म्हणाले होते, लग्न करून गेली. आठवतं?

मला रात्री झोप लागत नाही असं नाही. दुपारी लागत नाही.

आत्या


४ जुलै

आत्या,

मला वाटलं होतं तुझं झाकणाचं म्हणजे म्हातारपणचं खूळ. उजवा पाय आधी टाक, तसलं काहीतरी. म्हणून मी आत जाताना हसत होते.

पाच जण होते. अध्यक्षबाई मधोमध, केसांना मेंदी, आवाज एकदम मऊ. "बाळ, घाबरू नकोस हं," म्हणाल्या. मी सत्तावीस वर्षांची आहे. मग प्रश्न सुरू झाले. खिडकी उघडा असं तुम्ही का नाही म्हणालात? प्रकरण चौथं होतं की तिसरं? अकरा पानं म्हणता, समास किती सोडला होता? बाहेरून आलेले एक सदस्य, केस पिकलेले, त्यांनी अगदी आस्थेने विचारलं, "विषय काय तुमच्या संशोधनाचा? छान आहे. पूर्ण करा बरं का."

मी सांगत होते. खिडकी, पेपरवेट. "सर म्हणाले, आता काहीच…" आणि टक्‌. बाईंनी ग्लासवर झाकण ठेवलं.

तुझं आठवलं आणि मी थांबले. थांबले म्हणून दिसलं. टेबलाच्या कडेला टिपणं घेणाऱ्या बाई आहेत, चष्मा साखळीला लावलेल्या. झाकण पडलं त्या क्षणी त्यांची पेन्सिल वर गेली. कागदापासून चार बोटं. बगळा एक पाय वर करतो ना, तशी. झाकण खाली असेपर्यंत अध्यक्षबाई माझ्याशी आईसारखं बोलल्या. "अगं, मोठी माणसं कधी कधी पाठीवर हात ठेवतात. तुझं करिअर बघ. सरांची मुलगी तुझ्याच वयाची आहे." मग झाकण उचललं, एक घोट घेतला, आणि पेन्सिल खाली आली.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खिडकीपाशी आले, टक्‌. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा टक्‌. चार वेळा. पाचव्यांदा मी थांबलेच नाही, झाकणावरूनच बोलले, मोठ्याने, सगळं. पेन्सिल वरच होती.

संध्याकाळी इतिवृत्त सहीसाठी आलं. सव्वा पान. 'अर्जदाराने मार्गदर्शकांच्या कडक शिस्तीबाबत नाराजी व्यक्त केली.' खिडकी नाही. पेपरवेट नाही. 'आता काहीच उडणार नाही' नाही. मी सही केली नाही. पुढची तारीख अठ्ठावीस जुलै. सही नसेल तर समिती 'उपलब्ध नोंदींवरून' निर्णय घेईल म्हणाल्या.

आता ऐक. निघताना जिन्यात त्या चष्म्याच्या बाई भेटल्या. माझा हात धरून इतक्या मायेने म्हणाल्या, "तुम्ही बाईंची भाची ना? मला सगळं त्यांनीच शिकवलं. शॉर्टहँडसुद्धा त्यांची स्वतःचीच, पुस्तकातली नाही. आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, झाकण पडलं की पेन्सिल वर, डोळे खाली."

म्हणजे तू हे मला सांगितलंस ते मला वाचवायला नाही. हे तुझंच घराणं आहे. गायकांचं असतं तसं.

मला पत्र पाठवू नकोस.


९ जुलै

भिंगरी,

पाठवू नको म्हणालीस तरी पाठवते. फाडायचं असेल तर वाचून फाड.

हो, मी शिकवलं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी ते अदब म्हणून शिकवलं, मी ते कौशल्य म्हणून शिकवलं. आम्ही दोघींनी ते कधी पाप म्हणून शिकवलं नाही, नाहीतर ते कुणी शिकलं नसतं. मला निरोप समारंभात शाल मिळाली तेव्हा कुलसचिव म्हणाले होते, "बाईंच्या इतिवृत्तात एक शब्द जास्तीचा सापडणार नाही." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला आठवतं.

एकोणीस वर्षांपूर्वी एक मुलगी आली. कॅनव्हासचे बूट, एकाची नाडी दुसऱ्या रंगाची. त्याच माणसाची तक्रार. तेव्हा त्याला लागून तीनच वर्षं झाली होती, केस काळे होते. ती त्या डुगडुगत्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सर आधी खिडकी लावतात. मग कागदावर वजन ठेवतात. म्हणतात, आता काहीच…" आणि झाकण पडलं. पण तिचं वाक्य अर्धं होतं, आणि भिंगरी, मिनिटाला शंभर शब्दांचा वेग हाताला लागला की अर्धं वाक्य हाताला सोडवत नाही. तिने ते पुरं केलं आणि माझ्या हाताने ते लिहिलं. मी पेन्सिल उचलली, पण तीन शब्द उशिरा. 'उडणार नाही बरं.' त्याच्यापुढे तिचं रडणं होतं, त्याला माझ्या शॉर्टहँडमध्ये खूण नाही.

टाइप करताना मी 'शिस्त' हा शब्द वापरला. तो मीच शोधला होता. अध्यक्षांना इतका आवडला की पुढे कायमचा झाला. तुझ्या इतिवृत्तात आला ना? माझाच आहे तो.

त्यानंतर ती दर गुरुवारी माझ्या खिडकीशी यायची. "काही कळलं का?" एवढंच विचारायची. मी म्हणायचे, विचाराधीन आहे. अकरा गुरुवार. बाराव्या गुरुवारी तिने अर्ज मागे घेतल्याचा कागद दिला आणि मी टाइप केलं, 'स्वेच्छेने.' तेराव्या गुरुवारी ती आली नाही, तरी मी अकरा वाजता मान वर केली. अजून करते. इथे या घरात, भाजी निवडताना. गुरुवारी अकराला कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहतं आणि काही विचारत नाही. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी कधी शोध घेतला नाही. सापडली असती तर?

शॉर्टहँडच्या वह्या वर्षअखेरीला फाडायच्या असा नियम. मी सगळ्या फाडल्या. ती एक फाडली नाही. ट्रंकेत आहे, हिवाळ्याच्या कपड्यांखाली. ठेवली त्यात काही धैर्य नव्हतं. घाबरून मारलेला उंदीर टाकायलाही हात होत नाही, तसं.

आता सगळ्यात वाईट ते. तुला प्रवेश मिळाला तेव्हा तू पेढे घेऊन आलीस आणि गाइडचं नाव सांगितलंस. मी म्हणाले, दुसरीकडे जा. तू विचारलंस, का? मी क्षणभर तुझ्याकडे बघितलं. तोंडात शब्द होते. आणि मी म्हणाले, तिथली कँटीन वाईट आहे. तू हसलीस. मीही हसले.

माझ्या डोक्यात तेव्हा टक्‌ वाजलं होतं. कुणीही ठेवलं नव्हतं झाकण. मीच.

आत्या


१५ जुलै

आत्या,

२८ तारखेला सकाळी अकरा. दुसरा मजला, टोकाची खोली. मी साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलं आहे. त्यांनी तीनदा विचारलं, "माजी कर्मचारी? त्या याच ना?" आणि सांगितलं की टाइप केलेलं इतिवृत्त खोटं होतं असं तू कबूल केलंस तर तुझ्यावरही चौकशी बसेल. तुझी शाल परत मागतील बहुधा.

वही घेऊन ये.

बाबांना सांगितलं. त्यांनी बाहेर जाऊन स्कूटर धुतली, स्वच्छ होती तरी.

मी तुला माफ केलंय की नाही मला माहीत नाही. नंतर बघू.

कँटीन खरंच वाईट आहे.

भिंगरी


३० जुलै

भिंगरी,

तू बाहेरच्या बाकावर होतीस, मी बाहेर आले आणि तुझ्याशी एक शब्द न बोलता बसमध्ये जाऊन बसले. बोलता येत नव्हतं. आता लिहिते. साक्ष गोपनीय असते, पण गोपनीयतेचं माझ्याएवढं काम कुणी केलं असेल, तेव्हा मला थोडी सूट.

त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले. डावा पाय अजून आखूड आहे. सव्वीस वर्षं मी त्या खोलीत होते आणि त्या खुर्चीतून काय दिसतं हे मला माहीत नव्हतं. पाच जणांच्या मागे फायलींचं कपाट आहे, काचेच्या दारांचं. तिथे बसणारीला पाचांच्या डोक्यांमधून स्वतःचंच तोंड दिसतं. सगळं सांगताना त्या मुली स्वतःकडे बघत होत्या गं. मला वाटायचं, त्या आमच्याकडे बघतात.

मला काचेत माझं तोंड दिसत होतं, आणि काही केल्या ते एकटं वाटत नव्हतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, या वयात कशाला त्रास घेतलात?" मी म्हणाले, "वय एकोणीस वर्षांपूर्वी कमी होतं, तेव्हा घेतला नाही म्हणून." वही उघडली आणि वाचायला लागले. खिडकी. वजन. "म्हणतात, आता…"

टक्‌.

भिंगरी, समोरून तो आवाज निराळाच येतो. मी आयुष्यभर बाजूने ऐकला होता.

तुझ्या त्या चष्म्याच्या बाईची पेन्सिल वर गेली. चार बोटं. मी शिकवली तितकीच, एक बोट कमी नाही की जास्त नाही. मी गप्प बसले. अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "ही तुमची स्वतःची चिन्हं. पुस्तकातली नाहीत. तुम्ही काहीही वाचाल आणि आम्ही ते ऐकायचं? दुसऱ्या कुणाला येतं का हे वाचता?"

त्यांना वाटलं, इथे संपलं.

मी वही उचलली आणि टेबलावरून सरकवली, कडेपर्यंत. "तिला येतं," म्हटलं. "मीच शिकवलंय. वाच गं."

चष्म्याने माझ्याकडे बघितलं. मग झाकणाकडे. मग वहीकडे. तिचे ओठ हलत होते, आधी आवाज आला नाही. सात वर्षं तिथे बसून त्या पोरीचा आवाज तिथल्या कुणी ऐकला नसावा. बाहेरचे सदस्य एकदम म्हणाले, "अरे, यांना बोलता येतं?" विनोद म्हणून म्हणाले. कुणी हसलं नाही.

ती वाचायला लागली. "सर आधी खिडकी लावतात. मग कागदावर वजन ठेवतात. म्हणतात, आता काहीच उडणार नाही बरं." आणि थांबली. मग वहीतल्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "बाई, इथे काय आहे? इथे काही लिहिलेलं नाही."

मी सांगितलं, "तिथे ती रडत होती."

तुझं वाक्य आणि तिचं वाक्य, मध्ये एकोणीस वर्षं, एक 'बरं' तेवढा कमी. अध्यक्षबाईंच्या समोर तुझा अर्ज होता, त्यांनी नकळत ती ओळ बोटाने शोधली. मी पाहिलं.

मग मी उठले, ग्लासवरचं झाकण उचललं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं.

"अहो, हे काय करताय?"

"चोरी," मी म्हणाले. "नोंद करून घ्या."

आणि चष्म्याची पेन्सिल खाली आली.

आत्या


१९ ऑगस्ट

आत्या,

इतिवृत्ताची प्रत मिळाली. नऊ पानं. मी सही केली, प्रत्येक पानावर. त्यात ते वाक्य दोनदा आहे. पान तीन, माझं, अर्जातलं. पान सहा, तिचं. पान सहावर त्याखाली कंसात लिहिलंय, 'येथे अर्जदार रडत होती.' टाइप केलेलं आहे, आत्या. पान सातवर: 'माजी कर्मचारी यांनी समितीच्या ग्लासवरील झाकण नेले.'

सर 'प्रकृतीच्या कारणास्तव' रजेवर गेलेत. मला दुसरा गाइड मिळालाय, ती बाई बडबडी आहे आणि खिडक्या उघड्या टाकते, माझी प्रकरणं खरोखर उडतात. निर्णय अजून व्हायचा आहे. तुला खुलासा मागणारं पत्र येईल, पोच नीट घे. विभागात अर्धे लोक माझ्याशी बोलत नाहीत, उरलेले फार हळू बोलतात. दुपारी चार वाजले की मान अजून आखडते. हे सगळं संपलं असं मी तुला सांगणार नाही.

प्रत आणायला गेले तेव्हा खिडकीशी चष्म्याच्या बाईच होत्या. त्यांनी प्रत पुढे सरकवली, डोळे खाली. समोर नवीन ग्लास होता, अध्यक्षबाईंनी मागवलेला, त्याला झाकण आहे. पण माझ्या प्रतीच्या शेवटच्या पानाच्या मागे पेन्सिलीने काहीतरी काढलेलं सापडलं. शॉर्टहँड. इथे कुणाला दाखवायची माझी हिंमत नाही. मी काचेवर कागद ठेवून जसंच्या तसं उतरवलंय, सोबत जोडते. एवढीशी ओळ आहे.

यात काय लिहिलंय?

भिंगरी


२८ ऑगस्ट

चि. भिंगरी,

कागद उजेडाला धरला आणि पहिल्या फटक्यात वाचला. हात तिचा, वळण माझं.

तिने लिहिलंय: 'बाई, पेन्सिल वर असायची, पण टेबलाखाली दुसरी होती. माझ्याकडे सात वह्या आहेत. एकही फाडली नाही.'

मला आजपर्यंत वाटत होतं, मी तिला सगळं शिकवलं.

सात वह्या. मी सकाळपासून स्वयंपाकघरात बसून आहे. ते झाकण ओट्यावर पडलंय, उताणं, आत थोडं पाणी साठलंय. आज गुरुवार. अकरा वाजता मी मान वर केली. खिडकीशी नेहमीसारखी एकटी कुणी नव्हती गं. रांग होती.

पुढच्या गुरुवारच्या पहिल्या बसने येते. चष्म्याला सांग, वह्या ट्रंकेत ठेवू नकोस. आणि तुझ्या खोलीत एक टेबल रिकामं कर. मी वाचेन, तू लिही.

आत्या